ब्रूजचा एक दिवस, आई-बाबांच्या चालीने

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं ब्रसेल्सला राहता, पुण्याहून आई-बाबा आलेत. आईंचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी आहेत आणि हाताशी मे महिन्यातला एक शनिवार आहे. ब्रूज आणि घेंट त्या एकाच दिवसात उरकावीत का? आणि फक्त ब्रूजच करायचं, तर कुठून सुरुवात करावी?

एका दिवसात दोन्ही गावं नको. नकाशावर घेंट वाटेतच दिसतं आणि गाडीने ते ब्रूजपासून जेमतेम अर्ध्या तासावर आहे, त्यामुळे मोह होतो. पण घेंटचं सिंट-पीटर्स स्टेशन जुन्या गावापासून दोन किलोमीटरहून लांब आहे. उतरून ट्राम धरा, गावात जा, पुन्हा ट्राम, पुन्हा गाडी, यात दीडेक तास नुसता ये-जा करण्यात जातो. शिवाय घेंटला जायचं ते सिंट-बाफो कॅथेड्रलमधलं व्हॅन आइक बंधूंचं १४३२ सालचं वेदीचित्र पाहायला, आणि ते घड्याळ बघत पाहण्यासारखं चित्र नाही. घेंटला वेगळा दिवस द्या.

आता ब्रूज. हे गाव लहान आहे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत चाललं तरी तासाभरात होतं. दिवस बिघडतो तो गर्दीमुळे. आणि त्या गर्दीची वाट आणि वेळ दोन्ही ठरलेली आहेत, हे एकदा लक्षात आलं की सगळं सोपं होतं. टूरच्या बसगाड्या गावाच्या दक्षिणेला थांबतात, रेल्वे स्टेशनही दक्षिणेलाच आहे, आणि झेब्रुख बंदरात लागलेल्या क्रूझ जहाजांचे प्रवासीही बसनेच येतात. हे सगळे लोक मिनवॉटर तळं, बेगाइनहोफ (धार्मिक बायकांची जुनी वसाहत), आवर लेडी चर्च, रोझेनहूडकाई हा कालव्याचा काठ आणि मार्क्ट चौक या एकाच ओळीत चालतात. साडेदहा-अकराला लोंढा सुरू होतो आणि चार-पाचला ओसरतो, कारण बसवाल्यांना परत निघायचं असतं. म्हणून दक्षिणेचा भाग दहाच्या आत, भर दुपार ईशान्येच्या सिंट-आना भागात, आणि मधले चौक पाचनंतर, असा क्रम ठेवा. तीच ठिकाणं, तीच तिकिटं, पण दिवस निराळा जातो.

तारीख ठरवताना एक बघून घ्या. ईस्टरनंतर ३९ दिवसांनी येणारा असेन्शनचा, म्हणजे ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा, गुरुवार बहुतेक वर्षी मे महिन्यात पडतो. त्या दिवशी ब्रूजमध्ये पवित्र रक्ताची, म्हणजे ख्रिस्ताचं मानल्या जाणाऱ्या रक्ताची, मोठी मिरवणूक निघते आणि लोक शुक्रवारची रजा जोडून चार दिवसांची सुट्टी करतात. त्या आठवड्यातला शनिवार टाळा. मधल्या वारी रजा मिळत असेल तर शनिवारपेक्षा ते केव्हाही बरं.

गाडीचं सांगतो. ब्रसेल्सहून ब्रूजला साधारण तासाभराचा प्रवास आहे आणि दर तासाला एकाहून जास्त थेट गाड्या असतात. देशांतर्गत गाड्यांना आरक्षण नसतं. तिकीट त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीला चालतं, त्यामुळे एक चुकली तर जीव टांगणीला लावू नका, पुढची धरा. तिकीट रेल्वेच्या ॲपवर किंवा यंत्रावर आधीच काढा, गाडीत काढलं तर जास्तीचे पैसे पडतात. ज्येष्ठांसाठी सवलत असते, पण तिच्या अटी बदलत राहतात, तेव्हा तिकीट काढताना ॲपवर बाबांचं वय घालून बघा. फलाटावरच्या पाटीवर बी-आर-यू-डबल जी-ई असं फ्लेमिश, म्हणजे इथल्या डच भाषेतलं, नाव शोधायचं. ब्रूज हा फ्रेंच उच्चार आहे, आणि फ्लेमिश भागात शिरल्यावर गाडीतल्या घोषणाही फ्लेमिशमध्येच होतात.

शनिवारी ऊन असलं की ऑस्टेंडच्या समुद्राकडे जाणाऱ्या गाड्या भरतात. ल्यूव्हेनकडून येणाऱ्या गाड्या ब्रसेल्समध्ये आधी नोर्ड, मग सेंट्रल आणि शेवटी मिडी स्टेशनवर थांबतात. मिडीला चढणाऱ्यांना बऱ्याचदा उभं राहावं लागतं. आईंना बसायला हवं, तर नोर्ड किंवा सेंट्रलला चढा आणि फलाटाच्या टोकाच्या डब्याकडे जा. पावणेआठ-आठच्या सुमाराची गाडी घ्या, म्हणजे नऊच्या आसपास तुम्ही ब्रूजला असाल. उतरायच्या आधी गाडीतलंच शौचालय वापरून घ्या. गावात बहुतेक ठिकाणी पैसे मोजावे लागतात, तेव्हा खिशात ५० सेंट आणि १ युरोची नाणी असू द्या. सामान असेल तर ते स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका. चाकाची बॅग गावातल्या दगडी रस्त्यांवर ओढणं म्हणजे हाताला आणि बॅगेला दोघांनाही शिक्षा.

या दगडांबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण गुडघे इथेच बोलू लागतात. रस्ते गोलसर घडीव दगडांचे आहेत, दगडांमध्ये फटी आहेत आणि पावसाने ते निसरडे होतात. सपाट तळव्याच्या चपला किंवा सँडल नकोत. जाड, लवचीक तळव्याचे बूट आणि काठी असली तर काठी घ्या. दोन्ही कडांना बहुधा सपाट फरसबंदी असते, आईंना तिच्यावरून चालू द्या. मी खाली सांगतोय तो सगळा फेरा पाच-सहा किलोमीटरचा होतो. एकदम ऐकायला जास्त वाटेल, पण मध्ये बसण्याच्या जागा आहेत आणि शेवटचा स्टेशनपर्यंतचा टप्पा सोडला तर एकही टप्पा साधारण पंधरा मिनिटांच्या वर नाही.

स्टेशनातून बाहेर पडून रस्ता ओलांडा आणि उजवीकडे झाडीतून मिनवॉटरच्या दिशेने चला. दहा मिनिटांत बेगाइनहोफच्या पुलावर पोचता. जवळच्या पाण्यात हंस दिसतील. त्यांची दंतकथा आई-बाबांना सांगा: १४८८ मध्ये गावाने पीटर लांखाल्स नावाच्या अधिकाऱ्याचा शिरच्छेद केला. त्याच्या आडनावाचा उच्चार 'लांब मान' या शब्दांच्या जवळ जातो, म्हणून पुढे सम्राट झालेल्या मॅक्सिमिलियनने गावाला शिक्षा दिली की लांब मानेचे हंस कायम पोसायचे.

बेगाइनहोफ १२४५ च्या सुमारास वसलं. इथे राहणाऱ्या बेगाइन बायका धार्मिक आयुष्य जगत, पण जोगिणीसारखी आयुष्यभराची शपथ घेत नसत. त्या स्वतः कमावून खात आणि वाटलं तर सोडून जाऊ शकत. आज तिथे बेनेडिक्टाइन पंथाच्या जोगिणी राहतात. पांढऱ्या भिंतींची घरं, मध्ये हिरवळ, उंच झाडं. आत बोलणं हळू आवाजात ठेवायचं अशी पाटी आहे आणि सकाळी साडेनऊला तिथे खरोखरच शांतता असते. अकराला तीच जागा बघितलीत तर विश्वास बसणार नाही.

तिथून थेट रोझेनहूडकाईला जा, बारा-पंधरा मिनिटं लागतात. ब्रूजचं जे चित्र कॅलेंडरवर असतं, पाणी, विटांची घरं आणि मागे घंटाघराचा मनोरा, ते इथलं. सकाळचं ऊन पाठीमागून येतं, घरांच्या भिंती उजळतात, म्हणून फोटो आत्ताच काढायचा. संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि मनोरा काळा पडतो.

होडीची फेरीही याच वेळी करा. होड्या साधारण मार्च ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, दहा ते सहा चालतात. गावात पाच धक्के आहेत आणि सगळ्यांचा मार्ग, वेळ आणि भाडं सारखंच. त्यामुळे प्रसिद्ध धक्क्यावरच्या रांगेत उभं राहण्यात काही अर्थ नाही, जिथे रांग छोटी दिसेल तिथे बसा. फेरी अर्ध्या तासाची असते. आईंना फक्त एक अडचण येईल: धक्क्याच्या पायऱ्या उतरून हलत्या होडीत पाय टाकायचा असतो. होडीवाला हात देतो, पण मागे रांग खोळंबली असली की घाई होते. दहाच्या पहिल्या फेरीला ती घाई नसते. पूल फार ठेंगणे आहेत, उभं राहू नका आणि हात बाहेर काढू नका.

होडीतून उतरलात की पाच मिनिटांवर आवर लेडी चर्च. याचा विटांचा मनोरा ११५ मीटरच्या आसपास उंच आहे. आतल्या तिकिटाच्या भागात मायकेलअँजेलोची संगमरवरी माता आणि बालक आहे, १५०४ च्या सुमाराची. ब्रूजच्या मूस्क्रोन या व्यापारी घराण्याने ती विकत घेऊन इथे आणली. फ्रेंच क्रांतीच्या फौजांनी ती एकदा नेली, १९४४ मध्ये जर्मन सैनिकांनी गाद्यांमध्ये गुंडाळून पुन्हा नेली, आणि युद्ध संपल्यावर ऑस्ट्रियातल्या आल्टाउसेच्या मिठाच्या खाणीतून ती परत आली. मूर्ती अपेक्षेपेक्षा लहान वाटते आणि दोरी लांब असते, त्यामुळे बरेच जण एक फोटो काढून वळतात. थोडं थांबा. बाळ मांडीवर बसलेलं नाही, ते आईच्या गुडघ्यांमध्ये उभं आहे, एक पाय खाली सोडलाय, आता उतरणारच. आईने त्याचा हात धरलाय तो अगदी सैल, आणि ती त्याच्याकडे बघतही नाहीये. पोरगं हातातून निघून जाणार हे तिला ठाऊक आहे. परदेशी गेलेल्या मुलांच्या आईला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

संग्रहालय एकच निवडा. सिंट-यान हे मध्ययुगीन रुग्णालय आणि त्यातली मेमलिंगची चित्रं सुंदरच आहेत, पण माझं मत ग्रूनिंगे संग्रहालयाला. ते चर्चपासून जवळ आहे, फार मोठं नाही आणि तास-सव्वातासात नीट बघून होतं. जायच्या आदल्या दिवशी बंद वार तेवढा तपासा.

तिथे यान व्हॅन आइकचं १४३६ सालचं चित्र शोधा: मध्ये मेरी, उजवीकडे पांढऱ्या झग्यात गुडघे टेकलेला म्हातारा पुरोहित व्हॅन डर पाले. जवळ जा. म्हाताऱ्याच्या कानशिलावरच्या शिरा दिसतात, गालाच्या सुरकुत्या दिसतात. त्याच्या हातात चष्मा आहे आणि पोथीवर धरलेल्या भिंगाखालची अक्षरं आजूबाजूच्या अक्षरांपेक्षा वेगळी पडलेली दिसतात. मग त्याच्यामागे उभ्या संत जॉर्जच्या चिलखताकडे बघा, त्या चकचकीत लोखंडात एक पुसटशी मानवी आकृती उमटली आहे. ती चित्रकाराची स्वतःची मानतात. बाबांना वाचायचा चष्मा लागत असेल तर तो इथे हातात असू द्या.

आता साडेबारा. बेल्जियममध्ये बहुतेक खानावळींचं स्वयंपाकघर बारा ते दोन चालतं आणि मग संध्याकाळी सहापर्यंत बंद असतं. अडीचला भूक लागली म्हणून गेलात तर वॉफलवर भागवावं लागेल. मार्क्ट चौकातल्या टेबलांवर देखाव्याचे पैसे लागतात, दोन गल्ल्या आत गेलात की तेच जेवण कमी पैशात मिळतं. दुपारी दारावरच्या फळ्यावर 'दाखस्खोटल' म्हणजे आजची थाळी लिहिलेली असते, ती स्वस्त आणि ताजी असते. हॉटेलात साधं पाणी फुकट मिळेल असं धरून चालू नका, बाटलीचे पैसे लागतात.

शाकाहाराचं मात्र नीट वाचा, कारण इथे माणूस नकळत फसतो. बेल्जियमचे बटाट्याचे फ्रिट दोनदा तळतात: एकदा कमी आचेवर आतून शिजेपर्यंत, मग गार करून दुसऱ्यांदा जास्त आचेवर, म्हणजे बाहेरून कुरकुरीत होतात. पण पारंपरिक पद्धतीत हे तळण गाईच्या चरबीत असतं, आणि आजही कित्येक गाड्यांवर तेच वापरतात. नुसते बटाटे आहेत म्हणून निर्धास्त घेऊ नका. तळण कशात आहे, गोमांसाची चरबी की वनस्पती तेल, हे आधी विचारा. तेलाला फ्लेमिशमध्ये 'प्लांतार्दिखे ओली' म्हणतात, पण इंग्रजीत विचारलंत तरी सगळ्यांना कळतं. आणि उत्तर नीट देतात, कुणाला राग येत नाही. दुसरी फसवी गोष्ट म्हणजे सूप. नाव भाजीचं असतं, पण पाणी बऱ्याचदा मांस किंवा कोंबडी उकळून काढलेलं असतं. तिसरी, अंडं. इथे शाकाहारी म्हणजे अंडं चालतं असंच धरतात. वॉफलमध्ये अंडं असतंच, बहुतेक केकमध्येही. आई-बाबांना अंडं चालत नसेल, तर ब्रेड, चीज, सॅलड किंवा अंड्याशिवायचा पास्ता हेच पर्याय उरतात, आणि खरं सांगायचं तर अशा वेळी घरून दशम्या, लसणाची चटणी आणि दही नेणं सगळ्यात चांगलं. ते खायला पवनचक्क्यांच्या खालचा गवताचा उतार आहे, तिकडेच आपण आता निघालोय.

वॉफल खायचाच असेल तर नुसत्या साखरेचा घ्या. वर मलई, स्ट्रॉबेरी आणि चॉकलेट रचलेले डोंगर दुकानाच्या काचेत छान दिसतात, पण हातात आल्यावर खालचं वॉफल पाच मिनिटांत भिजून लोळागोळा होतं.

जेवणानंतर उत्तरेला यान व्हॅन आइक चौकाकडे चला. तिथे कालव्याच्या टोकाला चित्रकाराचा पुतळा आहे आणि भोवती जुन्या व्यापाऱ्यांच्या इमारती. वाटेत व्लामिंगस्ट्राटवर व्हॅन डर बर्से घराण्याची जुनी खानावळ दिसते. तिच्या पुढ्यात ठिकठिकाणचे व्यापारी जमून सौदे करत, आणि युरोपातल्या कितीतरी भाषांमध्ये शेअर बाजाराला जे 'बोर्स' म्हणतात ते या घराण्याच्या नावावरून. आपल्याकडे मुंबईत टाउन हॉलसमोर वडाखाली दलाल जमत, तसंच हे. समुद्राशी जोडणारी झ्विन खाडी गाळाने भरत गेली, व्यापार अँटवर्पला गेला आणि ब्रूज गरीब झालं. जुनी घरं पाडून नवी बांधायला पैसाच उरला नाही, म्हणून ती टिकली. तरी दिसतं ते सगळंच मध्ययुगीन समजू नका. मार्क्टवरची भव्य प्रांतिक इमारत एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालेली आहे आणि फोटोंतला लाडका बोनिफासियस पूल विसाव्या शतकातला.

यान व्हॅन आइक चौकापासून सात-आठ मिनिटांवर सिंट-आना. ठेंगणी घरं, खिडकीत लेसचे पडदे, रस्त्यात एखादी सायकल, बाकी शुकशुकाट. इथल्या लेस केंद्रात दुपारच्या वेळी बायका लेस विणताना बघता येतात. जायच्या आधी प्रात्यक्षिकाची वेळ त्यांच्या संकेतस्थळावर बघा. आईंना हे संग्रहालयापेक्षा जास्त आवडायची शक्यता आहे. उशीवर छिद्रांचा कागद, त्यावर टाचण्या, आणि दोऱ्याला लटकलेल्या लाकडी बॉबिनच्या जोड्या. मूळ हालचाली दोनच: ओलांडणं आणि पिळणं. या दोनांच्या क्रमातून सगळी नक्षी निघते. बोटं इतकी भरभर चालतात की आधी फक्त लाकडाची टकटक ऐकू येते, नक्षी मागून दिसते. हे बघितल्यावर दुकानातला स्वस्त रुमाल हाती विणलेला असणं शक्य नाही, हे आपोआप कळतं. गावात विकली जाणारी बरीच लेस यंत्रावरची किंवा बाहेरून आलेली असते. हातची हवी असेल तर तसं स्पष्ट विचारा आणि लेबल बघा. ती महागच असणार.

तिथून पाच मिनिटांवर क्रूइसव्हेस्टच्या बांधावर पवनचक्क्या आहेत. त्यांतली सिंट-यानसहाउस ही १७७० मध्ये बांधली आणि अजून मूळ जागेवर उभी आहे. तिच्या शिडीसारख्या पायऱ्या आईंना नकोत, खालून बघणं पुरे. इथे तासभर निवांत बसा. शाल जवळ असू द्या, मे महिन्यातही समुद्राकडून येणारा वारा बोचतो.

पाचच्या सुमाराला परत मध्यात या. आधी बुर्ग चौक. नगरभवनाचं बांधकाम १३७६ मध्ये सुरू झालं, आणि कोपऱ्यात पवित्र रक्ताचं दुमजली देवालय आहे. खालचं साधं, अंधारं दगडी देवघर बाराव्या शतकातलं आहे, वरचं रंगीत. समोर जिथे झाडं दिसतात तिथे सिंट-डोनाटियन कॅथेड्रल होतं. सकाळी पाहिलेलं पुरोहिताचं चित्र त्याच्याचसाठी काढलेलं, आणि व्हॅन आइकला पुरलं तेही तिथेच. फ्रेंच राजवटीत ते पाडलं गेलं.

मार्क्टवरच्या घंटाघराची उंची ८३ मीटर, पायऱ्या ३६६. लिफ्ट नाही. जिना गोल फिरत वर जातो आणि पुढे इतका अरुंद होतो की उतरणारा भिंतीला चिकटल्याशिवाय चढणाऱ्याला वाट मिळत नाही. आईंनी चढू नये, आणि बाबांनाही रक्तदाब असेल तर नको. तुम्हा दोघांना जायचं असेल तर वेळेचं तिकीट आधीच ऑनलाइन घ्या, कारण एका वेळी ठरावीक लोकांनाच वर सोडतात. तोवर आई-बाबांना बुर्गच्या झाडांखाली बसवा. दर पाव तासाला वरच्या घंटा वाजतात, आणि त्या खाली चौकातच जास्त गोड ऐकू येतात. वर अगदी जवळ असलात तर दचकायला होतं.

घोडागाडीचं भाडं माणशी नसून गाडीचं असतं, तेव्हा चौघांत ते फारसं जड जात नाही. आई दमल्या असतील तर अर्ध्या तासाची ही फेरी चालेल, पण दगडांवर हादरे बसतात. कंबर दुखत असेल तर नको.

पुण्याला न्यायला चॉकलेट घेणार असाल, तर आत मऊ सारण भरलेले प्रालिन इथेच खायला २५० ग्रॅम, वजनावर, स्वतः निवडून घ्या. ताज्या मलईचे असले तर ते दोन-तीन आठवड्यांतच संपवायचे असतात. कशात दारू आहे आणि कशात जिलेटिन, हे विचारून घ्या. भारतात न्यायला भरीव बार बरे. फ्रिजमध्ये उघडे ठेवू नका, ओलाव्याने साखर वर येऊन पांढरा थर बसतो. हवाबंद डब्यात, घरातल्या सगळ्यात गार कपाटात ठेवा.

मे महिन्यात साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दिव्यांसाठी थांबायची गरज नाही. साडेसहाला रोझेनहूडकाईवरून पुन्हा एकदा जा, सकाळसारखीच मोकळी जागा मिळेल. तिथून स्टेशन वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. आईंचे पाय भरून आले असतील तर द लाइन या बससेवेची बस घ्या, चढताना बँकेचं कार्ड यंत्राला टेकवलं की तिकीट होतं. परतीच्या गाड्या रात्री उशिरापर्यंत असतात, मात्र शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात आणि गाड्या फिरवतात. म्हणून स्टेशनकडे वळण्याआधी ॲप एकदा उघडून फलाट आणि वेळ बघून घ्या.